दोन इंच एक सूत

आजीचा पाय फरशीच्या खड्ड्यात अडखळला आणि तिच्या पत्रकार नातीने थेट कटर मशीनच हातात घेतलं. पुढे काय झालं? वाचाच!

शनिवार, सकाळचे साडेदहा. तुम्ही बहुतेक अजून अंथरुणात असाल, नाहीतर एफसी रोडवर ब्रेकफास्टच्या रांगेत. मी मात्र बुधवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या चौकात उकिडवी बसले होते. डोक्याला ओढणी, डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क आणि हातात चार इंची ब्लेडचं मार्बल कटर. एकदम अ‍ॅक्शन हिरोइन!

समोर एक काळी फरशी. इवलीशी, चहात बुडवायच्या बिस्किटाएवढी. तिचे कर्णावर कापून दोन त्रिकोण करायचे होते. बस्स, एवढंच. बटण दाबलं. घूंऽऽऽ... धुळीचा ढग उठला, मोजून तीन सेकंद गेले आणि 'टक्' असा आवाज आला. फरशीचे चार तुकडे झाले होते. त्यातला एकही त्रिकोण नव्हता.

वरच्या गॅलरीतून आजीचा आवाज आला, "झालं का गं?"

"झालं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. झालंच होतं त्या फरशीचं!

आता थोडं मागे जाऊ. 'मी बुधवार पेठेत राहते' असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं. कॉलेजात आलं, पहिल्या नोकरीत आलं, आता फ्रीलान्स करते तर क्लायंटच्या मीटिंगमध्येही येतं. पूर्वी मी घाईघाईने 'म्हणजे तुळशीबागेजवळ' असं पुरवणी उत्तर द्यायचे. आता देत नाही. ज्या गल्ल्यांमुळे ते हसू येतं, तिथल्या बायकाही याच पेठेच्या रहिवासी आहेत. आणि दगडूशेठची रांग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, तपकीर गल्लीतले दिवे, पासोड्या विठोबा हे सगळंही याच पेठेतलं. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली, तो भिडे वाडासुद्धा इथलाच. पार मोडकळीला आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो स्मारकासाठी उतरवला गेला.

आमच्या वाड्याला असलं काही भाग्य नाही. आमचा वाडा रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. करारावर सह्या झाल्या आहेत. बिल्डर म्हणतो, कागदपत्रं व्हायला दोनेक वर्षं. तोवर आम्ही भाडेकरू आपापल्या खोल्यांत, जुन्या भाड्यात आणि नव्या स्वप्नांत!

आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे एकेकाळचा वाडामालकांचा दिवाणखाना. बाकी वाडाभर शहाबादी फरशी आणि ओबडधोबड कोबा. इथे मात्र नक्षी. मध्ये लाल चौकोन, त्याच्या चारही बाजूंना काळे त्रिकोण, मग पुन्हा लाल चौकोन, आणि भिंतीकडे बदामी पट्टी. आजी १९६३ साली लग्न होऊन आली, तेव्हा तिने म्हणे पहिल्या दिवशी उंबऱ्यात थांबून विचारलं होतं, "यावर चालायचं का?" कँपातला एक जुना बंगला पाडला, तेव्हा मालकांच्या वडिलांनी तिथून या फरश्या आणल्या, असं ती सांगते.

गेल्या वर्षी खालचा पाण्याचा पाइप फुटला. प्लंबर आला, त्याने छिन्नी-हातोडीने दीड फूट फरशी फोडली, पाइप बदलला आणि वर सिमेंट थापून गेला. ते सिमेंट हळूहळू खचलं. साधारण अर्धा इंच. तुम्हाला-मला अर्धा इंच म्हणजे काहीच नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, रात्री दिवा न लावता बाथरूमला जाणाऱ्या बाईला अर्धा इंच म्हणजे खूप. फेब्रुवारीत तिचा पाय तिथे अडखळला आणि ती पडली. नशिबाने मनगटावरच निभावलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

बाबा म्हणाले, "वरून सरळ व्हिट्रिफाइड टाकून घेऊ. नाहीतरी दोन वर्षांत पाडणारच आहेत. कशाला जीव काढायचा?"

आजी म्हणाली, "दोन वर्षं मी चालू नको का रे?"

तिला व्हिट्रिफाइडची भीती वाटते. ओल्या पायाने घसरायला होतं. आणि या फरशीवर तिची पावलं साठ वर्षं पडतायत. अंधारातसुद्धा तिच्या तळव्यांना कळतं, आपण कपाटापाशी आलो की दारापाशी. घरात गप्पा थांबल्या. आणि मी बोलून बसले, "मी करते."

फ्रीलान्सर माणसाचं हेच चुकतं. ब्रीफ समजून घ्यायच्या आधीच डेडलाइन कबूल!

पोटमाळ्यावर गोणपाटात काही जादा फरश्या होत्या, हे आजीला माहीत होतं. सहा लाल चौकोन आणि बारा छोटे काळे चौकोन निघाले. त्रिकोण एकही नाही. एका लाल फरशीची पाठ ओल्या फडक्याने पुसली तर उठावाची इंग्रजी अक्षरं दिसली: मिंटन हॉलिन्स, स्टोक-ऑन-ट्रेंट. जर्नालिझमच्या डिग्रीचा एक फायदा असतो. असं काही दिसलं की झोप लागत नाही.

तर फंडा असा आहे. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर नावाच्या इंग्रज माणसाने एक पेटंट घेतलं. ओली माती साच्यात घालण्याऐवजी जवळजवळ कोरडी मातीची भुकटी पोलादी साच्यात प्रचंड दाबाने दाबायची. या पद्धतीने आधी काय बनलं असेल? शर्टाची बटणं! मग स्टोकच्या हर्बर्ट मिंटनने त्याच युक्तीने फरश्या काढल्या. ओली माती भट्टीत आकसते, वाकडी होते. कोरडी भुकटी फारच कमी आकसते. त्यामुळे हजारो फरश्या एकसारख्या मापाच्या मिळायला लागल्या. आणि माप पक्कं झालं म्हणून नक्षी शक्य झाली. मिंटनच्या फरश्या लंडनच्या पार्लमेंटमध्ये आहेत, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये आहेत. आणि इतक्या लांब जायची गरज नाही, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आहेत. १८७२ साली सुरू झालेलं हे म्युझियम. पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर तिथलं छत बघून झाल्यावर खालीही बघा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याही मामाच्या घरी नक्षीच्या फरश्या होत्या, त्याही मिंटनच्या का? बहुतेक नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत दिसतात त्या बऱ्याचशा सिमेंटच्या. भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या ध्यासातूनच निघाली, विलायती फरशीला देशी उत्तर म्हणून. सिमेंटची फरशी भट्टीत जात नाही, दाबून आणि पाण्यात मुरवून पक्की होते. ओळखायचं कसं? तुटलेला तुकडा आडवा धरून बघा. रंग फक्त वरच्या थरात असेल आणि खाली राखाडी, तर सिमेंट. वरपासून खालपर्यंत एकच रंग असेल, तर भट्टीतली माती. आमची दुसऱ्या जातीची निघाली. अर्धा इंच जाड आणि दगडापेक्षा कडक.

मोजमाप घेतलं आणि शाळेतल्या भूमितीच्या बाई आठवल्या. मोठी फरशी सहा इंच. सहा इंच ज्याचा कर्ण आहे तो चौकोन किती? सव्वाचार. मग तीन इंची. आणि तीन इंच ज्याचा कर्ण, तो दोन इंच आणि वर आठवा हिस्सा. सगळं कुटुंब एकमेकांना मापाने बांधलेलं! आमच्या खोलीतला लाल चौकोन तीन इंची. त्याच्या चार बाजूंना चार काळे त्रिकोण लावले की बरोब्बर सव्वाचार इंचांचा तिरका चौकोन तयार होतो. आणि तो काळा त्रिकोण म्हणजे गोणपाटातल्या छोट्या काळ्या चौकोनाचा अर्धा भाग.

खड्डा सतरा इंच लांब, सव्वाचार रुंद. म्हणजे चार नक्ष्या. चार लाल चौकोन, सोळा काळे त्रिकोण. सोळा त्रिकोण म्हणजे आठ चौकोन. माझ्याकडे बारा. चार एक्स्ट्रा! एक्सेल शीटवर सगळं सॉलिड दिसत होतं.

तपकीर गल्लीतून कटर आणलं. दुकानदाराने विचारलं, "काय कापायचंय?" मी म्हटलं, "फरशी." त्याने दिलं ते ब्लेड लावलं. परिणाम तुम्ही वाचलाच आहे. दुसरीची कड करवतीसारखी झाली. तिसरीचं टोक उडून तुळशीवृंदावनात पडलं. त्या शनिवारी एकूण तीन फरश्या गेल्या. उरल्या नऊ. या फरश्या बाजारात मिळत नाहीत. जुन्या बाजारात रविवारी जाऊन आले. पितळी दिवे, बंद पडलेली घड्याळं, रोटरी फोन, सगळं होतं. दोन इंची काळी मिंटन नव्हती.

रात्री आजीने माझ्या हाताला खोबरेल लावलं. कटरच्या थरथरीने बोटं बधिर झाली होती. ती म्हणाली, "आजोबा तुझे स्वतः कधी खिळा ठोकायचे नाहीत. माणूस बोलवायचे." एवढं बोलून गप्प बसली. मला मेसेज पोचला.

मिस्त्री मामा शेजारच्या काकूंच्या ओळखीचे. साठीचे असतील. चाळीस वर्षं फरशी बसवतात. आता गुडघे दुखतात म्हणून कमी काम घेतात. आले, चप्पल उंबऱ्याबाहेर काढली आणि फरशीकडे बघत बसले. कितीतरी वेळ. मग खिशातून पट्टी काढून काळा चौकोन मोजला आणि म्हणाले, "दोन इंच एक सूत."

इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. मी कॅल्क्युलेटरवर जे दोन पॉइंट बारा काढत बसले होते, ते त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं.

मग त्यांनी माझं ब्लेड पाहिलं. "ताई, हे खाच्यांचं ब्लेड. शहाबादी कापायचं, कडाप्पा कापायचं. प्रत्येक खाच फरशीला ठोसा मारते. बारीक कामाला कड सलग पाहिजे." दुसऱ्या दिवशी ते सलग कडेचं डायमंड ब्लेड घेऊन आले. आणि त्यांनी काय करावं? ते कोरं करकरीत ब्लेड आधी एका विटेत घातलं! मी ओरडलेच. ते हसले. ब्लेडच्या कडेला हिऱ्याची पूड धातूत बसवलेली असते. वरचा धातू घासला गेला की हिरे उघडे पडतात आणि मगच ते कापतात. वीट मऊ, खरखरीत. ती धातू घासते. मधूनमधून ब्लेड बोथट वाटलं की पुन्हा विटेवर फिरवायचं.

पुढचा तास म्हणजे माझ्यासाठी मास्टरक्लास होता. पहिली गोष्ट, पाणी. ब्लेड तापलं की फरशीची कड उडते. शिवाय कोरडी कापली की जी धूळ उठते त्यात सिलिका असते. दगडखाणीतल्या कामगारांची फुप्फुसं निकामी करणारा सिलिकोसिस होतो, तो याच धुळीने. पाण्याने धूळ खाली बसते. मामा नाकाला गमछा बांधून काम करत होते. मी माझ्याकडचा दुसरा मास्क पुढे केला. "सवय आहे," ते म्हणाले. मग खोकले. बराच वेळ खोकले. मग त्यांनी मास्क घेतला, काही न बोलता.

दुसरी गोष्ट, वीज. पाणी आणि हातातलं मशीन ही जोडी जीवघेणी. वाड्याचं वायरिंग कोणत्या काळातलं आहे ते देवाला ठाऊक. म्हणून खालच्या मजल्यावरच्या नव्या कनेक्शनवरून लाइन घेतली, जिथे गळतीला ट्रिप होणारा ब्रेकर आहे. मामा म्हणाले, "कापायच्या आधी हे बघायचं. नंतर बघायला माणूस राहत नाही."

तिसरी, पकड. दोन इंची तुकडा हातात धरून कापायचा नाही म्हणजे नाही. त्यांनी एका फळीत गुण्या लावून काटकोनात खाच केली. फरशी त्यात तिरकी बसली, मागून लाकडी पाचर ठोकली. फळी स्टुलाला शिकंजाने आवळली. वर एक सरळ पट्टी, मशीन तिच्या कडेने चालवायचं. ही सगळी तयारी पाऊण तास चालली. कापायला लागली दोन मिनिटं.

चौथी गोष्ट खरी गंमत. फरशीवर आधी मास्किंग टेप, त्यावर बारीक पेन्सिलची रेघ. टेपमुळे वरची कड धरून राहते. मग ब्लेड आरपार घालायचं नाही. पहिल्या फेरीला फक्त ओरखडा, एक-दोन एमएम. ती रेघ स्वच्छ आली की खाली काहीही झालं तरी वरची कड शाबूत. मग हळूहळू खोल. आणि एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकातून बाहेर पडायचं नाही, कारण शेवटी टोकाला आधार उरत नाही, ते तुटतंच. अर्ध्यापर्यंत जायचं, फरशी फिरवायची, दुसऱ्या टोकाकडून पुन्हा अर्ध्यापर्यंत यायचं. दोन्ही काप मध्यावर भेटतात.

"मशीनला ढकलू नका," मामा म्हणत होते. "मशीनचं वजन आहे ना? तेवढंच पुरे. आवाज ऐका. आवाज जड झाला की थांबा."

मी आवाज ऐकत होते. आदल्या शनिवारी मी फक्त जोर लावत होते.

आणि मग ते झालं! दोन त्रिकोण. टोकं सुईसारखी, कड आरशासारखी. मी नाचायचीच बाकी होते. धावत वर गेले, खोलीतल्या एका जुन्या लाल चौकोनाशेजारी त्यातला एक त्रिकोण ठेवून पाहिला, आणि चेहरा उतरला.

त्रिकोण लहान होता. अगदी किंचित. पण शेजारच्या जुन्या त्रिकोणाशी ताडून पाहिलं की कळत होतं. विलायती कारागिरांनी सांधा ठेवलेला एक एमएमचा, केसासारखा. माझ्या त्रिकोणाने तो दुप्पट दिसत होता.

मामा जिना चढून आले. त्यांना हे होणार ते माहीत होतं, आणि मला दाखवल्याशिवाय पटणार नाही हेही. "ब्लेड खातं, ताई. दोन एमएम जाडीचं ब्लेड, दोन एमएम फरशी खाणार. मधोमध कापलं तर दोघांचं एकेक एमएम जातं. एक पुरता पाहिजे, तर रेघेच्या पलीकडून कापायचं. मग दुसऱ्याचं दोन्ही जातं."

म्हणजे एका चौकोनातून दोन त्रिकोण निघतात, हे माझ्या एक्सेल शीटमध्ये खरं होतं. चौकात खोटं होतं. एका चौकोनातून निघतो एक. दुसरा उरतो तो उणा. न कापता नुसता ओरखडा मारून मोडला तर काही वाया जात नाही, पण अर्धा इंच जाडीची भट्टीतली फरशी अशी सरळ रेषेत मोडत नाही. मग या फरश्या बसवणाऱ्यांनी तेव्हा काय केलं असेल? मामांनी जुन्या त्रिकोणाच्या कडेवर बोट फिरवायला सांगितलं. कड थोडी गोलसर, गुळगुळीत. ही कापलेली कड नव्हतीच. त्रिकोण कारखान्यातच त्रिकोण म्हणून जन्माला आला होता! प्रत्येक आकाराचा वेगळा साचा. नकाशाबरहुकूम सगळे आकार तयार यायचे आणि कापाकापी फक्त भिंतीकडे, शेवटच्या पट्टीत व्हायची. खोलीच्या भिंती कुठे काटकोनात असतात? ते सगळं वाकडेपण कडेच्या साध्या पट्टीत मुरवायचं, म्हणजे मधली नक्षी बिनचूक राहते.

हिशोब पुन्हा मांडला. चौकोन उरले आठ. आठ चौकोनांतून पुरते त्रिकोण आठ. लागणार सोळा. निम्मेच!

संध्याकाळ झाली होती. मी खाली बसले. बाबा दारात उभे होते. मला वाटलं, आता म्हणणार, 'मी सांगितलं होतं.' ते काहीच म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

आजी तिच्या खुर्चीत होती. मनगट अजून नीट वळत नव्हतं. तिने विचारलं, "कपाटाखाली बघितलंस का?"

कोपऱ्यातलं सागवानी कपाट तिच्या माहेरचं. ते तिच्या लग्नानंतर तिथे ठेवलं, तिथेच राहिलं. बाबा आणि मामांनी ते सरकवलं. खाली साठ वर्षांची धूळ, एक दहा पैशांचं नाणं, बाबांचा हरवलेला लाकडी भोवरा. आणि फडक्याने पुसल्यावर नवी कोरी नक्षी. तिच्यावर कुणी चाललंच नव्हतं.

मामा म्हणाले, "इथल्या दोन नक्ष्या काढू. आठ त्रिकोण तयार मिळतील. ते तिकडे खड्ड्यात. आणि आपले उणे आठ इथे, कपाटाखाली. सांधा जाड दिसेल, पण कपाटाला काय त्याचं?"

मला हे सुचलं नव्हतं. मी आठवडाभर फक्त 'कसं कापायचं' एवढंच बघत होते. 'कुठे कापायचं' हा प्रश्नच पडला नव्हता.

जुन्या फरश्या चुन्यात बसवलेल्या होत्या, म्हणून निघाल्या. सिमेंटमध्ये असत्या तर फुटल्या असत्या. मामांनी हॅक्सॉच्या पात्याने सांधे खरवडले, मग पातळ पटाशी खाली सारून हळूच उचकटल्या. एकाचा टवका गेला, तोही तळाकडून. दुसऱ्या दिवशी आम्ही आठ चौकोन कापले. पाच मामांनी, तीन मी. माझ्या तिसऱ्याच्या उरलेल्या भागाचं टोक उडालं, पण पहिल्या ट्रायलचे दोन उणे तुकडे शिल्लक होतेच. प्रत्येक पुरता त्रिकोण रेघेच्या अर्धा एमएम बाहेर कापला आणि मग पाण्यात कार्बोरंडमच्या दगडावर घासून रेघेपर्यंत आणला. वरची धार किंचित मारली, म्हणजे तळव्याला टोचू नये आणि शेजारच्या जुन्या कडेशी जुळावी. या घासण्याला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि खरं सांगू? ब्लेडने येतो तो फक्त काप. सफाई येते या दगडावर, हाताने.

बसवायच्या आधी सगळं कोरडंच मांडून पाहिलं. मामांनी लाकडी पट्टी टाकून लेव्हल तपासली, खालचं खचलेलं सिमेंट पुरतं काढून नवा माल भरला. सांध्यात पातळ सिमेंट, आणि ते वाळायच्या आत फडक्याने स्वच्छ. "नंतर अ‍ॅसिड मारायचं का?" मी विचारलं, कारण आमच्या ओळखीत सगळे तेच करतात. मामा म्हणाले, "अ‍ॅसिड फरशीआधी सांधा खातं. वेळेवर पुसलं तर अ‍ॅसिड लागत नाही."

दोन दिवस आजीला खोलीत बंदी होती. ती शेजारी काकूंकडे झोपली आणि दर दोन तासांनी निरोप पाठवत राहिली. तिसऱ्या रात्री ती घरी आली. मी मुद्दाम जागी होते, लॅपटॉप उघडून, काम करायचं नाटक करत. अडीचच्या सुमारास ती उठली. दिवा लावला नाही. तिची पावलं ऐकू येत होती. पलंगापासून चार, मग कपाट, मग ती जागा. माझा श्वास अडकला. ती तिथे थांबली. पायाच्या अंगठ्याने जरा चाचपलं. मग पुढे गेली.

सकाळी चहा पिताना ती फक्त एवढंच म्हणाली, "लागत नाही कुठे." आमच्या घरात याला ऑस्कर म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, दोन वर्षांनी वाडा पडणार, मग एवढा आटापिटा कशासाठी? माझ्याकडे याचं काही ग्रेट उत्तर नाही. आजीने दिलं तेच. दोन वर्षं चालायचं आहे. शिवाय पेठेच्या पोटातून २०२४ पासून मेट्रो धावते, वर एकेक वाडा उतरतो आहे, आणि हे सगळं थांबवण्याइतकी मी मोठी नाही. जुन्याला चिकटून बसण्याचीही मला हौस नाही. खरं सांगायचं तर लिफ्टची आणि चोवीस तास पाण्याची मी वाट बघते आहे!

पण गेल्या रविवारी एक गोष्ट घडली. बाबा कपाटातून आलेखाचा कागद घेऊन बसले होते. शेजारी पट्टी, लाल आणि काळी पेन्सिल. मी डोकावले. खोलीचा नकाशा. एकेक चौकोन, एकेक त्रिकोण, प्रत्येकाला नंबर. "चुन्यातल्या आहेत म्हणाला ना मिस्त्री? म्हणजे निघतील," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नव्या फ्लॅटचा पॅसेज साडेतीन फूट रुंद आहे. मोजून पाहिलं. काही इंच उरतात. ते कडेच्या पट्टीत घेऊ."

व्हिट्रिफाइड टाकू म्हणणारे हेच ते बाबा. मी काही बोलले नाही. त्यांच्याकडूनच शिकले आहे.

आजी मात्र खुर्चीतून वाकून नकाशा बघत होती. तिने कोपऱ्यातल्या दोन नक्ष्यांवर बोट ठेवलं, जिथे आमचे आठ उणे त्रिकोण आहेत.

"यांचं काय करणार?"

"वगळू," बाबा म्हणाले.

"वगळू नको," आजी म्हणाली. "कपाट येणारच आहे ना माझं? त्याच्याखाली घाल."